ज्याचा त्याचा फेर

द्वारकाअक्कानं पेरलेल्या वावरात मुंग्या जात नसत, असं गावात सांगत. कारण एवढंच, की तिच्या मुठीतून दाणा सुटायचा तो बरोबर मातीत जायचा, वर सांडायचा नाही. आणि मुंगीचा सगळा संसार सांडलेल्यावर. एकदा तितरांची जोडी तिच्या ओळीतून या बांधापासून त्या बांधापर्यंत चोच घासत गेली आणि उपाशीच उडाली, हेही सांगत. बन्सी सालदार तर छातीवर हात ठेवून म्हणायचा, की अक्का मागं असली की बैल पाऊल टाकायच्या आधी विचार करतात. यात खरं किती, वाढीव किती, हे विचारायची सोय नव्हती. ज्यांनी पाहिलं होतं त्यांनीच वाढवलं होतं.

पण आता अक्काचा हात थरथरायला लागला होता. चहाची बशी ओठाला लागेस्तोवर निम्मा चहा पदरावर. म्हणून धाकट्या भावानं, बद्रीनाथानं, गावच्या नव्या हायस्कुलात शेतीचा वर्ग सुरू केला, तेव्हा अक्का बांधावर बसली आणि नववीच्या पोरापोरींनी तिफणीवर मूठ धरली. एकेकाला एकेक फेर. बन्सीनं पुढं बैल हाकायचे, मागून पोरानं ओटीतलं बी मुठीमुठीनं लाकडी चाड्यात सोडत चालायचं. चाड्याच्या तीन भोकांतून, तीन नळ्यांतून ते तीन ओळींत उतरायचं. पलीकडचा बांध आला की फेर संपला, दुसऱ्याची पाळी.

वावर थोरल्या भावाचं, आप्पासाहेबांचं. कन्नडच्या वाटेला, ओढ्याकाठी, लोण्यासारखी काळी माती. हायस्कूल उघडलं त्या दिवशी गळ्यात हार असताना त्यांनी ते पोरांना शिकायला देऊन टाकलं होतं. हार उतरल्यावर जो पस्तावा सुरू झाला, तो अजून चालूच होता.

शाळू उगवला. आणि कन्नडच्या बाजारात कुणीतरी भर चहाच्या दुकानात विचारलं, "आप्पा, तुमच्या ओढ्याच्या वावराला चाई पडली म्हणं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पासाहेबांनी बन्सीला बैलांना वखर जुंपायला सांगितला.

*

लक्ष्मीबाई नवऱ्याच्या मागं मागं चालत होत्या. त्यांना वावर परत हवं होतं. तिथं लसूणघास लावला असता तर दोन म्हशी वाढवता आल्या असत्या. शिवाय धाकट्या दिरानं वर्ग काढताना वहिनीला एका शब्दानं विचारलं नव्हतं, हे त्यांनी पोटात जपून ठेवलं होतं.

बांधावर अख्खा वर्ग उभा होता. पुढं बद्रीनाथ, धोतराचा सोगा हातात, चेहरा परीक्षेला बसल्यासारखा.

"दादा, वखर कशाला आणलाय?"

"दिसत नाय? मोडायचंय हे. आज मोडलं तर दुबार पेरता येतं. वल खाली चालली. चार दिसांनी ढेकळात पेरू का?"

"पोरांचं पहिलं पीक आहे, दादा."

"पोरांचं? वावर माझं, नाव माझं, अन् बाजारात हसं पण माझंच! बघ, बघ जरा." आप्पासाहेबांनी हात फिरवला. "कुठं केस, कुठं टक्कल. हे शेत हाय का न्हाव्यानं अर्ध्यात सोडलेलं डोकं?"

खरं सांगायचं तर शेत तसंच दिसत होतं. दव अजून सुकायचं होतं आणि बोटभर शाळू उन्हात हिरवा चमकत होता. पण कुठं झुबका, कुठं मोकळी माती, कुठं तीनपैकी एकच ओळ भरलेली. बद्रीनाथानं परभणीला शेतीचं शिक्षण घेतलं होतं. एकरी बी किती, दोन ओळींत अंतर किती, सगळं त्यानं फळ्यावर लिहून दिलं होतं. फळ्यावर ते सुरेख दिसलं होतं.

"मोडल्यावर वर्गाचं काय?" त्यानं विचारलं.

"वर्ग वर्गात घे. भिंती कशाला बांधल्या?"

पोरांच्यात चुळबुळ झाली. कडूबा खाली बघायला लागला. त्याच्या बापाकडं वीतभर जमीन नव्हती. या वावरात त्यानं जो फेर मारला तो त्याच्या घराण्यातला स्वतःचा म्हणावा असा पहिलाच.

"सगळंच वाईट हाय असं मी म्हणत नाय बरं का," आप्पासाहेब जरा मवाळ झाले आणि चार पावलं आत शिरले. एका पट्ट्यापाशी थांबले. तिन्ही ओळी बांधापर्यंत सलग गेल्या होत्या. विरळ, पण कुठंच तुटलेल्या नव्हत्या. "हे बघा. ह्याला म्हणतात पेरणी. हा माझा फेर."

पेरणीच्या दिवशी आप्पासाहेबांनीही हौसेनं एक फेर मारला होता, हे खरं. जन्मात पहिल्यांदा. त्या घरात चाड्यावर आधी आई, मग अक्का. आप्पासाहेबांनी आजवर शेती केली ती बांधावरून आणि तोंडानं.

पोरांनी एकमेकांकडं बघितलं. तो पट्टा कडूबाचा होता. कडूबानं तोंड उघडलं नाही. बद्रीनाथानंही नाही. बन्सीनं बैलाच्या वशिंडावरची न बसलेली माशी हाकलली.

"बन्सी, घाल वखर. त्या कोपऱ्यापासून."

"थांब रे आप्पा," बांधावरून अक्का म्हणाली. "मोडायचं तर मोड. आधी मला एकदा बघू दे. मी शिकवलंय त्यांना."

*

अक्का वावरात उतरली. उजवा हात तिनं डाव्या हातात धरून ठेवला होता, पळून जाईल म्हणून धरावा तसा. पहिल्या पट्ट्याशी ती वाकली आणि बराच वेळ वाकूनच राहिली. आप्पासाहेबांना वाटलं, कंबर धरली.

"हे कोणाचं गं बाई?" ती म्हणाली, पण कुणाला विचारल्यासारखं नाही. "ह्या लेकराला बैलाचं भ्या वाटतंय. हे बघा, उजवीकडची ओळ भरलेली, डावीकडची उपाशी. डाव्या अंगाचा बैल मारका. मूठ सारखी त्याच्यापासून दूर दूर चाललीय."

गयास नावाचा उंच पोरगा मागच्या मागं सरकला. "आक्का, तुमाला कोणी सांगितलं?"

"तूच सांगितलं. हे काय, लिहून ठेवलंय की."

ती पुढच्या पट्ट्याला गेली. तिथं शाळू सलग येत होता आणि मधूनच भसकन झुबका. पुन्हा सलग, पुन्हा झुबका. अक्का बघत राहिली आणि मग तिच्या खांद्यांना हसू फुटलं.

"ह्याला उचकी लागली व्हती."

क्षणभर कुणाला कळेना. मग फकिरा नावाचं बुटकं पोरगं किंचाळलंच, "व्हय! लई उचक्या लागल्या व्हत्या! पाणी प्यालो तरी थांबंनात!"

सगळा वर्ग झुबक्यांकडं धावला. प्रत्येक झुबका म्हणजे फकिराची एकेक उचकी, मातीतून हिरवी होऊन वर आलेली. पोरं वाकून वाकून बघायला लागली. कुणी हसेना. हसण्यापलीकडचं काहीतरी झालं होतं. इतके दिवस ते एका शेताकडं बघत होते. आता ते शेत त्यांच्याकडं बघायला लागलं.

बद्रीनाथ पट्ट्यामागून पट्टा बघत गेला. फळ्यावर लिहिल्याप्रमाणं सगळं बी त्यानं पोरांना वजनानं वाटलं होतं. पोरांच्या मुठी मात्र वजनात मावल्या नव्हत्या. भीती, घाई, लाड, उपास, सगळं भोकांतून खाली गेलं होतं आणि मातीनं त्यातलं काही म्हणता काही दडवलं नव्हतं.

"अक्का, हे मला कधी नाही सांगितलंस?" तो हळूच म्हणाला.

"तू इचारलं कधी? अन् घरात पेरणारी मी एकटी. एकच मूठ असल्यावर वाचायचं काय? सगळीकडं मीच." ती थोडी थांबली. "आज पयल्यांदा इतकी माणसं एका वावरात बघतेय मी."

तिला कडूबाचा पट्टा लागला. आप्पासाहेब छाती काढून उभे राहिले.

अक्का त्यांच्याकडं बघेना. ती उकिडवी बसली, थरथरत्या बोटांनी कोंबांवरून हात फिरवला. "ह्या घरात दाणा निवडून, जपून रांधतात," ती म्हणाली. "एक दाणा जादा नाय. पण उपाशी पण कोणाला ठेवलं नाय. शेवटच्या कोंबापर्यंत पुरवलंय. शाळूला असंच विरळ लागतं. असा हात मी फक्त आईचा बघितला."

आप्पासाहेबांना स्तुती आवडली, पण दाणा जपून रांधण्याचा मुद्दा काही जमेना. घरात तर रोज पन्नास भाकरी वाया. त्यांनी मिशीला पीळ दिला आणि विषय बदलला.

*

आता पोरंच वाचायला लागली. "अक्का, ह्याची चप्पल तुटली व्हती का?" "अक्का, ही दमली, बघा, शेवटी शेवटी पातळ." पट्ट्यापट्ट्याशी घोळके झाले. चुकलेल्याला चुकल्याची लाज वाटेना. आपण मातीत दिसतो, याचंच नवल. बैल वखरासकट उभे होते आणि कान टवकारून ऐकत होते, असं बन्सी पुढं मरेपर्यंत सांगायचा. बन्सी माणसांबद्दल वाटेल ते बोले, पण बैलांबद्दल खोटं बोलत नसे.

सगळ्यांत पुढं सगीरा होती. मुबारक पिंजाऱ्याची लेक, तिखट डोळ्यांची. पेरणीच्या दिवशी ती नव्हती. मावसबहिणीच्या लग्नाला औरंगाबादला, छावणीत गेली होती. तिचा स्वतःचा फेर वावरात नव्हता, म्हणून दुसऱ्यांचे वाचायची तिला दुप्पट घाई. वाचता वाचता ती बाभळीजवळच्या पट्ट्याशी आली आणि थबकली.

"या अल्ला! हे काय केलंय?"

तोच तो पट्टा. बाजारात गाजलेली चाई म्हणजे हीच. आप्पासाहेब तावातावानं तिथं पोचले. "हेच! हेच म्हणतो मी! ह्या एका गाढवापायी माझं नाव गेलं. कोण हा?"

पोरं बैलांकडं बघायला लागली. बोलायचं कुणी? पेरणीला होते त्या सगळ्यांना ठाऊक होतं. फकिराला तर तेवढ्यात पुन्हा उचकी लागली.

"सगीरा," बद्रीनाथ घाईनं म्हणाला, "पुरे आता. चला सगळे बांधावर."

लक्ष्मीबाईंनी पट्ट्याकडं बघितलं, मग पोरांच्या तोंडाकडं, मग नवऱ्याकडं. जे समजायला इतरांना दिवस लागले असते ते तीस वर्षांच्या संसारामुळं त्यांना तेवढ्यात समजलं. ओढ्याकाठचा घास, दोन म्हशी, सगळं त्यांच्या डोळ्यांपुढून गेलं. आणि त्यांनी पदर कमरेला खोचला.

"भाऊजी, वाचू द्या की तिला. शिकायलाच आलीया ना पोरगी?"

बद्रीनाथ बाजूला सरकला.

"वाच गं," लक्ष्मीबाई म्हणाल्या. "नीट वाच. काय गाळू नको."

सगीरा बसली. अक्कासारखीच उकिडवी, अक्कासारखंच डोकं तिरकं करून. "इथं सुरुवातीला लई दाट. म्हणजे समदे बघायला लागले होते. हात मोठा आहे. दिलदार माणूस." आप्पासाहेबांनी मान हलवली, गाढवाचंसुद्धा चांगलं ते मान्य करत. "मग इथं तुटलं. मूठ बंद. पण बैल थांबले नाहीत, पाय चाललेत. म्हणजे... म्हणजे हा बोलायला लागला."

"बोलायला?"

"हौ. काहीतरी लांबलचक. बघा ना, इतकी पावलं एक दाणा नाही. हात वर करून सांगत असेल." ती उठली आणि मोकळ्या मातीच्या कडेनं चालायला लागली. "इथं दोन दाणे पडले. कोणीतरी विचारलं असेल, मग काय झालं? तेवढ्यात आठवण आली, हातात बी आहे. की परत सुरू. आणि इथं..." ती वाकली. इथं मातीवर एक गठ्ठाच उगवला होता, ओंजळभर, एकमेकांच्या डोक्यावर चढलेला. "इथं काहीतरी लई मोठं झालं गोष्टीत. धाडकन. मूठच उघडली समदी."

आप्पासाहेबांचा चेहरा हळूहळू बदलायला लागला.

कारण ती गोष्ट त्यांना ठाऊक होती. पोलीस ॲक्शनच्या वेळी फौजेचा रणगाडा घाट चढून आला, आणि रस्त्यात गाभण गाय बसलेली, म्हणून आप्पासाहेबांनी एकट्यानं हात आडवा करून तो रणगाडा थांबवला, ती गोष्ट. दर वर्षी रणगाडा थोडा मोठा होई. (त्या दिवशी ते लक्ष्मीबाईंच्या माहेरी दात दुखतो म्हणून लवंग धरून निजले होते, पण हे लक्ष्मीबाईंनी कुणाला सांगितलं नव्हतं आणि इथंही सांगितलं नाही.) पेरणीच्या दिवशी पोरं मागं मागं चालत होती, असा श्रोतृवृंद पुन्हा मिळायचा नव्हता, आणि चाड्यावर हात ठेवूनच त्यांनी गोष्ट काढली होती. रणगाडा जिथं करकचून थांबला, तिथं त्यांनी दोन्ही हात फेकले होते.

तिथंच तो गठ्ठा उगवला होता.

आप्पासाहेब त्या गठ्ठ्यापाशी गेले. वाकले. गोष्ट त्यांनी शेकडो वेळा सांगितली होती, पण ती कधी अशी समोर उभी राहिलेली बघितली नव्हती. इथं गाय. इथं घाट. इथं, या उघड्या मातीत, रणगाड्याचा आवाज त्यांनी तोंडानं काढला होता तेवढं सगळं अंतर. हवेत सोडलेला शब्द जातो कुठं, असा विचार त्यांनी आयुष्यात केला नव्हता. तो इथं होता. रिकामा, मोजता येईल एवढा, बांधाकडं गेलेला.

"आणखी एक आहे," सगीरा म्हणाली. तिला अजून काही कळलं नव्हतं. "पट्टा वाकडा नाही कुठं. बोलण्यात याचा तोल जात असेल, पण ओळ सरळ आहे. म्हणजे तिफण हाकणाऱ्यानं लई सांभाळून घेतलंय याला. जुनी ओळख असेल."

बन्सीनं तोंड फिरवलं.

"अन् माणूस कसा असंल हा?" आप्पासाहेबांनी विचारलं. आवाज त्यांचा त्यांनाच परका वाटला.

सगीरानं विचार केला. "चांगला आहे. फक्त याला एका वक्ताला एकच काम द्यायला पाहिजे."

अक्कानं डोळे मिटून घेतले. लक्ष्मीबाई पदर तोंडावर धरून बाभळीकडं वळल्या. कडूबा, गयास, फकिरा, सगळा वर्ग श्वास धरून उभा. बद्रीनाथाला वाटलं, आता वखर फिरणार. नुसत्या वावरावरून नाही, शाळेवरून.

आप्पासाहेबांनी मातीवरची नजर उचलली. मग कडूबाच्या पट्ट्याकडं बघितलं. मग पोरांवरून नजर फिरवत त्यांनी विचारलं, "तो कुणाचा?"

कडूबानं हात वर केला. पुरता नाही, खांद्यापर्यंत.

"मघाशी बोलला काहून नाय?"

"तुमी म्हणलात, तुमचा हाय."

"वावर माझं हाय," आप्पासाहेब म्हणाले. "फेर तुझा." एवढं बोलून ते वळले. "बन्सी!"

"जी मालक."

"बैल सोड. वखर ने घरी."

पोरांना ओरडायचं सुचलंच नाही. ओढ्याकडून वारा आला आणि बोटभर शाळू या टोकापासून त्या टोकापर्यंत एकदम लवला, सगळ्यांचे फेर एकाच बाजूला, भित्र्याचा, उचकीवाल्याचा, कडूबाचा.

"गुरुजी," आप्पासाहेब धाकट्या भावाला आयुष्यात पहिल्यांदा गुरुजी म्हणाले, "पीक मोडायचं नाय, तर मग ह्या उघड्या जागेला तुमच्या शास्त्रात काय सांगितलंय?"

बद्रीनाथाआधी उत्तर सगीरानं दिलं. "नांग्या भरायच्या. खुरप्यानं भोक पाडायचं, हातानं बी टोबायचं. वल आहे तोवर. आणि ज्याच्या पट्ट्यातली तूट, त्यानंच."

"ज्याची त्यानंच?"

"गुरुजींचा नियम आहे."

आप्पासाहेबांनी पटका काढून बांधावर ठेवला. लक्ष्मीबाईंनी दुबार पेरायला आणलेली बियाची पिशवी त्यांच्या धोतराच्या ओच्यात ओतली. ते बाभळीजवळच्या पट्ट्याशी, भर वर्गासमोर, उकिडवे बसले. गुडघे कुरकुरले. सगीरा एकदम त्यांच्याकडं बघायला लागली, मग अक्काकडं, मग फकिराकडं. आणि तिचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

"बस इथं," आप्पासाहेब तिला म्हणाले. "चुकलो तर सांग."

अक्का त्यांच्या दुसऱ्या अंगाला येऊन बसली. बोटानं माती उकरायची, दोन दाणे, वर माती, तळव्यानं हलकं दाबायचं. अक्काचा हात थरथरत होता म्हणून ती दाबायचं काम करत होती. थरथरता तळवा मातीला चांगला बसतो, असं तिनं सांगितलं, आणि ते खरं की वाढीव हे विचारायची कुणाची छाती झाली नाही. बाकीची पोरं आपापल्या पट्ट्यात पांगली. वावरभर पाठी दिसत होत्या.

मोकळ्या जागेच्या मध्यावर, रणगाडा घाट चढत होता तिथं, गयासनं मागून विचारलं, "आप्पा, त्या दिवशी बांध आला अन् गोष्ट राहिली. रणगाड्यातून साहेब उतरला, मग काय झालं?"

आप्पासाहेबांचं तोंड उघडलं. डोळ्यांत चमक आली, उजवा हात आपोआप वर निघाला. त्या हातात दोन दाणे होते.

त्यांनी हाताकडं बघितलं. तोंड मिटलं. दाणे भोकात सोडले, माती ओढली आणि अक्काच्या तळव्याची वाट बघितली.

"फुडचं उगवल्यावर," ते म्हणाले.